अर्धा एकर जोंधळा

डिसेंबर लागला की बंगळूरच्या आमच्या घरात एकच चर्चा सुरू होते. सुट्टी किती, तिकीट कधीचं, आणि येळवस कधी? तुमच्याकडे कदाचित तिला वेळ अमावस्या म्हणत असतील, किंवा काहीच म्हणत नसतील. लातूर, धाराशिव आणि सोलापूरकडचा थोडा भाग सोडला तर हा सण फारसा कुणाला माहीत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करायची, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. दिवाळीला गावी गेलो नाही तर मला फारसं काही वाटत नाही. येळवस चुकली की मात्र चुटपुट लागते.

पंचांगाला आणि ऑफिसला अर्थातच एकमेकांचं काही देणंघेणं नाही. २०२४ साली येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि परत ३० डिसेंबरला. ही दुसरी बरोबर नाताळच्या सुट्टीत पडली. मग काय! उद्यान एक्स्प्रेसनं सोलापूर, तिथून एसटीनं तुळजापूर, औसा करत गाव. सोबत बायको, दोन मुलं, आणि मुलांना तीन महिने ऐकवलेल्या हुरड्याच्या गोष्टी.

हुरडा झाला. आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, आण्णांनी ती हातावर चोळून, फुंकर मारून पोरांच्या ओंजळीत गरम दाणे टाकले. सोबत जवसाची चटणी. मी फोटो काढले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "गाव ते गावच!"

मग शेजारच्या शेतातले काका सहज बोलून गेले, "तुमच्यासाठीच पेरलाय की हा जोंधळा. न्हाईतर ह्या शिवारात आता कोण पेरतंय?"

मी मान वर करून बघितलं तर खरंच, चहूकडे हरभरा. आमच्याकडे पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा, हा आता ठरलेला हिशेब आहे. ज्वारी परवडत नाही. ती मुळासकट हातानं उपटायची, मग कणसं मोडायची, एवढ्या कामाला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी झेपत नाही. कडबा हवा म्हणून पूर्वी पेरायचेच, पण बैल गेले, म्हशी गेल्या, कडबा खाणार कोण? आणि आजूबाजूला सगळा हरभरा असताना तुमचा एकट्याचा अर्धा एकर जोंधळा उभा असला की पंचक्रोशीतली पाखरं तिथेच उतरतात. ती हाकायला चौऱ्याहत्तर वर्षांचे आण्णा रोज सकाळी तेलाचा रिकामा डबा वाजवत बांधावर उभे. हे मला फोनवर कधी कुणी सांगितलं नव्हतं. जनावरं विकून चार वर्षं झाली तरी घरी पन्नास पेंढ्या कडबा जपून ठेवलेला असतो. कशाला, तर येळवशीच्या कोपीला!

माझ्यासारखे बाहेर राहणारे लोक चार दिवसांसाठी गावी येतात आणि परत जाताना हळहळतात, की आता गाव पूर्वीसारखं राहिलं नाही. (मीही हेच बोलत आलोय, अगदी तावातावानं.) पण ते पूर्वीसारखं ठेवायचं कुणी? आम्ही ईएमआय भरणार, आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी आमच्या लहानपणाची राखण करायची. पुण्याजवळ पैसे मोजून हुरडा पार्टीला जाणाऱ्यांना आम्ही हसतो. ते निदान पैसे तरी देतात.

त्याच रात्री आण्णांनी विषय काढला. "सगळंच रान बटईनं लावावं म्हणतो. पण बटईदार काय जोंधळा पेरायचा न्हाई."

तेव्हा मी काय म्हणालो? "असू द्या की अजून एक-दोन वर्षं. पोरांना गोडी लागलीय." इतकं ऐकूनही! सोलापूरला परतीच्या गाडीत बसल्यावर मला माझीच लाज वाटली.

बायकोचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, जोंधळा हेच त्यांचं उठायचं निमित्त आहे, ते काढून घेशील तर त्यांनी दिवसभर करायचं काय? तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण निमित्त त्यांचं आणि फर्माईश आमची, यातला फरक आधी आम्हाला कळायला हवा. हुरडा हवा असेल तर काढणीलाही आलं पाहिजे.

म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीअखेर मी चार दिवसांची रजा काढून काढणीला गेलो. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड. आण्णा लांबून बघत होते. जवळ येऊन एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझं काम न्हवं ते." रागानं नाही, सहज. त्या संध्याकाळी मीच म्हणालो, "आण्णा, लावा बटईनं."

त्या वर्षीची येळवस १९ डिसेंबरला आली. मुलांच्या शाळेला सुट्टी लागायच्या आत, त्यामुळे आमची चुकलीच. आईनं ती बटईदाराच्या घरच्यांबरोबर केली. आम्ही नाताळात पोचलो तेव्हा आमच्याही रानात हरभरा होता. मुलांनी हिरवे घाटे सोलून खाल्ले, थोडे भाजले. धाकटा म्हणाला, यंदा मजा नाही आली. मी त्याला काही समजावत बसलो नाही.

दुपारी आण्णा माडीवर झोपलेले दिसले. त्यांना दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. आईला विचारलं, बरं नाही का त्यांना? ती म्हणाली, "बरे हायत की. पहाटे पाचला उठून रानात जाऊन येतेत अजून. डबा घेऊन जातेत संगं."

"पण आता डबा कशाला?"

"आता मी काय इचारू त्यास्नी?" असं म्हणून ती चहा टाकायला उठली.