मोजायचं कुणी, पोरानं की फोननं?

घरात किंवा शेजारी पाच वर्षांचं एखादं पोर असेल तर त्याला एक ते वीस म्हणायला सांगा. धडाधड म्हणून दाखवेल. मग विचारा, 'सात मोठे की नऊ?', 'आठच्या आधी काय येतं?' बरीच मुलं इथे अडखळतात, नाहीतर परत एकपासून गाडी सुरू करतात. म्हणजे आकड्यांचं गाणं पाठ झालंय, पण आकडा केवढा आणि तो कुठे बसतो, हे अजून डोक्यात शिरलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, येईल की हळूहळू! एवढं काय त्यात? तर ते आपोआप येत नाही. 'असर'चा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतात तिसरीतल्या जेमतेम ३४ टक्के मुलांना दोन अंकी, हातच्याची वजाबाकी जमली. तिघांतल्या दोघांना नाही जमली. पुढे हीच पोरं 'मला मॅथ्स जमतच नाही' म्हणत दहावीला येतात आणि स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरताना अ‍ॅप्टिट्यूडचं नाव काढलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. आपल्या ग्रुपमध्ये असे किती जण आहेत, मोजून बघा.

यावर घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे क्लास. पाचव्या वर्षी अबॅकस, सहाव्या वर्षी पाढे. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याआधी एक पट, एक फासा आणि पंधरा मिनिटं वेळ देणारा एक माणूस द्या.

हे नुसतं आठवणींचं कौतुक नाही. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एका ओळीत १ ते १० आकडे असलेला पट दिला. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं खेळ. मुलांची आकड्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, फक्त त्यावर आकड्यांऐवजी रंग होते. त्या मुलांमध्ये तशी वाढ दिसली नाही.

म्हणजे खेळ झाला की गणित आलं, असं नसतं. खेळताना मूल काय करतं, यावर सगळं आहे. सोंगटी ५ वर आहे आणि ३ पडले. तर 'एक, दोन, तीन' म्हणत पुढे जायचं, की 'सहा, सात, आठ' म्हणत? आपण सगळे पहिलं करतो. पण प्रत्येक घरावरचा आकडा मोठ्यानं वाचत पुढे गेलेली मुलं जास्त शिकतात, हे सीगलर आणि त्यांच्या सहकारी एलिडा लास्की यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं. किती सोपा बदल आहे! पैसा लागत नाही, फक्त शेजारी बसून म्हणवून घ्यावं लागतं.

आणि इथेच फोनवरचा लूडो मार खातो. फासा स्क्रीन टाकते, सोंगटी बहुतेक अ‍ॅपमध्ये आपोआप टुणटुणत जाते. पोरानं काय केलं? बोट लावलं! मोजण्याचं काम फोननं केलं आणि शिकणारा तसाच राहिला. म्हणून 'तो लूडो खेळतो की' असं कुणी म्हणालं, तर विचारा, मोजतं कोण?

मराठी मुलांसाठी तर पटाचा आणखी एक फायदा आहे. आपले आकडे बोलायला अवघड. लिहायचं २९ आणि म्हणायचं एकोणतीस. कानावर 'तीस' पडतं, पाटीवर २ दिसतो. मूल गोंधळणारच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस नऊ' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. वाद बाजूला ठेवा. सापशिडीच्या पटावर एकोणतीस म्हणजे तिसाच्या एक घर अलीकडे, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. शब्दाचा अर्थच समोर मांडलेला असतो.

पट नसला तरी अडत नाही. चल्लस-आठ खेळताना चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके टाकले की तीन उताणे, एक पालथा हे मूल न मोजता ओळखायला लागतं. तीन आणि एक मिळून चार, हे असं हातातून कळतं. मुठीतल्या चिंचोक्यांची एकी-बेकी खेळा, जोड्या लावता लावता सम-विषम समजतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दिल्लीतल्या पंधराशेहून जास्त बालवाडीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. एस्थर डुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्के त्यात होत्या. चार महिने खेळ खेळल्यावर मुलांची 'कमी कुठे, जास्त कुठे' ही जाण सुधारली, वर्षभरानंतरही राहिली. पण पहिलीच्या गणितात त्याचा फायदा दिसला नाही. ठिपके ओळखणं वेगळं आणि ७ हे चिन्ह वाचणं वेगळं. म्हणून चिंचोके खेळून झाल्यावर खडूनं फरशीवर आकडाही लिहा. खेळ आणि पाटी यांची गाठ आपणच मारून द्यायची असते.

'आपण' म्हणजे कोण? अंगणवाडी ताईंकडे कामाचा ढीग, आईबाबा ऑफिसात नाहीतर शेतात. आपल्याकडे मात्र वेळ आहे. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरावे लागतात. त्यातले बरेच रॅली आणि बॅनर धरण्यात जातात, हे आपण सगळे जाणतो. त्यातले वीस तास जवळच्या अंगणवाडीत किंवा झेडपीच्या शाळेत पट मांडून बसण्यासाठी का देऊ नयेत? सामान काय लागणार? पुठ्ठा, स्केचपेन, फासा.

'निपुण भारत' योजनेचं उद्दिष्ट आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित यावं. सरकार त्याचं काय करायचं ते करेल. तुमच्या कॉलेजच्या प्रोग्राम ऑफिसरना मात्र या सोमवारीच विचारता येईल.