सपाट वाटेची सायकल

स्वित्झर्लंड म्हटले की डोळ्यांपुढे बर्फाची शिखरे उभी राहतात. अशा देशात सायकल हे तरण्याबांड गड्यांचेच काम, असे कोणासही वाटेल. पण तेथील लोकांनी डोंगराशी झुंजण्याऐवजी पाण्याची वाट धरली. ऱ्हाईन, ऱ्होन व आरे नद्यांच्या काठाने जाणारे राष्ट्रीय सायकलमार्ग १९९८ साली खुले झाले. तांबड्या पाट्या पाहत आजी-आजोबाही सावकाश जातात.

आम्हांस विशेष वाटतो तो तीन सरोवरांचा झीलांड भाग. १८६८ ते १८९१ या काळात कालवे खणून तेथील दलदल आटवली. आज तेथे गाजर, कांदा, कोबी पिकतो आणि मळ्यांतल्या सपाट वाटांवर ट्रॅक्टर व सायकल दोन्ही नांदतात.

शेतात दिवसभर राबणाऱ्यास आणखी व्यायाम कशाला, असे काहीजण विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु वय झाले, शेत मुलांकडे गेले, की तोच माणूस ओसरीवर बसून राहतो. सायकलवर शरीराचा भार बैठक पेलते, गुडघ्यांवर कमी येतो. बोलता बोलता चालवता येईल अशी गती, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, एवढे पुरे. गुडघे फार दुखत असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे.

मात्र वाट सुरक्षित हवी. २०१८ साली स्विस मतदारांनी शेकडा ७३ हून अधिक मतांनी सायकलमार्गांना राज्यघटनेत स्थान दिले. आपल्याकडे निदान पाणंदी तरी मोकळ्या ठेवू या. बांध सरकवून पाणंद अरुंद करणारा स्वतःच्याच म्हातारपणाची वाट अडवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.