पोरांची नजर



गेल्या हंगामात डांबरी सडकेला लागून असलेल्या एका खळ्यावर सोयाबीनची मळणी चालू होती. सहा वर्षांचा एक पोरगा चेंडूमागे सडकेवर धावला आणि फटफटीखाली जाता जाता वाचला. बापानं आधी धपाटा घातला आणि मग विचारलं, “दिसत नव्हती का रे?” पोरगा हुंदके देत म्हणाला, “दिसली, पण लांब होती.”

माझ्या मते पोरगा खरं बोलत होता.

डोळे जन्मतः मिळतात. नजर वयानं येते. गवतात दबलेला ससा आपल्याला दिसत नाही. तो हलला, की कान, पाठ, पाय असा अख्खा ससा एकदम उठून दिसतो. जे एकत्र हलतं ते एकच, असं आपलं मन धरून चालतं. जर्मनीच्या वेर्थायमर यांनी १९२३ साली हे मांडलं. पुढे १९८३ साली अमेरिकेत केलमन आणि स्पेल्की यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर एक काठी धरली. तिचा मधला भाग ठोकळ्याआड झाकलेला होता. काठी मागेपुढे हलवली तेव्हा ती अखंड आहे हे बाळांनी ओळखलं. स्थिर ठेवली तेव्हा नाही. नवजात बाळांना तर हलवूनही ते कळत नाही, असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं. न हलणारे तुटक तुकडे जोडून आकृती ओळखण्याची शक्ती तर पाचव्या वर्षापासून तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत वाढतच असते. म्हणून कडब्यात पडलेला विळा तुम्हाला दिसतो तसा पोराला दिसेलच, असं समजू नका.

आता फटफटीकडे येऊ. समोरून येणारं वाहन डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठं होत जातं. ते वेगात असेल तर पोहोचायच्या काही क्षण आधीही बरंच दूर असतं, त्यामुळे ते मोठं होतंय हेच चटकन जाणवत नाही. इंग्लंडमधील संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगानं येणारं वाहन जवळ येत आहे, हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीनं ओळखता येत नाही. मोठ्यांना येतं. आपल्या सडकेवर ३२ नं कोण चालवतो?

आणखी एक. त्या दिवशी चार नातवंडं आजीच्या भरवशावर सोडली होती. धावपळ करणाऱ्या घोळक्यातल्या साधारण चारांवर तरणा माणूस एका वेळी नजर ठेवू शकतो. लहानपणी हा आकडा कमी असतो आणि उतारवयात पुन्हा घटतो. तेव्हा आजीला बोल लावू नका, तसंच थोरल्या बहिणीला “धाकट्यांकडे बघ” सांगून निर्धास्तही होऊ नका. ती स्वतःच आठ वर्षांची आहे.

त्या घरी आता मळणीच्या दिवशी सडकेच्या बाजूला बैलगाडी आडवी लावतात आणि चेंडू माळ्यावर ठेवतात. आजीकडे दोनच नातवंडं असतात. उरलेली दोन आईजवळ, पोती शिवायला.