यात पीएचडी काय?

मागच्या शनिवारी अमळनेरला मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ तिथे सीएचबीवर प्राध्यापक आहे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे. पीएचडी झाली तर कायमच्या नोकरीची आशा. पण स्वारी उदास होती, कारण त्याचा शोधनिबंध एका जर्नलकडून परत आला होता. शेरा एका ओळीचा : काय म्हणायचं आहे ते कळत नाही.

"भो, तू तरी वाच," म्हणून त्याने प्रिंटआउट हातात दिली. पहिलंच वाक्य मोजलं, ६१ शब्दांचं! तिसऱ्या पानावर मी झोपलो असतो, पण चहा आला.

चहा पिता पिता म्हटलं, "ते कागद ठेव बाजूला. दोन वर्षं मोटरसायकलवर फिरून काय शोधलंस ते सांग." तो म्हणाला, "बोरीच्या काठच्या ४० विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजलं. बंधाऱ्याच्या जवळच्या विहिरी उन्हाळ्यात जवळजवळ महिनाभर उशिरा आटतात, पण बंधाऱ्यातला गाळ काढलेला असेल तरच."

झालं की! हे निबंधात नवव्या पानावर, एका कंसात होतं.

"असंच का नाही लिहिलंस?"

"इतकं साधं लिहिलं तर गाईड म्हणतील, यात पीएचडी काय?"

खरं दुखणं हे आहे. त्याला लिहिता येत नाही असं मुळीच नाही. साधं लिहिलं तर आपण साधे ठरू, ही भीती आहे. मी काही वेगळा नव्हतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट रिपोर्ट आता मलाच समजत नाही. नोकरीत मात्र खोड मोडली. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला की समोरच्याला तुमचा शब्दसंग्रह नको असतो. काय बिघडलं, कधीपासून, आता काय करायचं, एवढंच हवं असतं.

आता कोणी म्हणेल, संशोधन म्हणजे बग रिपोर्ट नव्हे, काही विषय मुळातच अवघड असतात. मान्य. अमळनेरकरांना तर हे सांगायलाच नको. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ १९३० च्या दशकात त्याचा संचालक होता. त्यांचं लेखन आजही घाम फोडतं, पण तिथे विचारच अवघड आहे. विहिरीचं पाणी किती दिवस टिकतं, हे अवघड करायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या पोरांसाठी ते रोज स्वतःच्या हाताने 'छात्रालय' दैनिक लिहायचे. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला पोरांना कळेल असं लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. आणि मामेभाऊ ज्या विद्यापीठात प्रबंध देणार, त्याला २०१८ पासून नाव आहे बहिणाबाई चौधरींचं. त्यांना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं! तरी त्यांचं म्हणणं आख्ख्या महाराष्ट्राला कळलं.

असो. तर सांगायचा मुद्दा असा की, अवघड लिहिण्याची किंमत नुसती परत आलेल्या निबंधाएवढी नसते. आमचं बोलणं ऐकत मामा ओट्यावर बसले होते. त्यांची विहीर त्या ४० पैकी एक, बंधाऱ्याला लागूनच. मध्येच म्हणाले, "म्हणजे गाळ काढला तर आपली विहीर टिकेल? मग मी बोअरचा इसार कशाला दिला?"

पोरगा दोन वर्षं त्यांच्याच विहिरीत टेप सोडत होता. निष्कर्ष बापालाच माहीत नव्हता.

रात्री आम्ही दोघांनी बसून पहिलं पान नव्याने लिहिलं. निष्कर्ष सगळ्यात वर, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि पहिला परिच्छेद मामांना वाचून दाखवून कळला तरच पुढे. तीनदा नापास झालो, चौथ्यांदा मामांनी मान डोलावली. जर्नलवाले काय म्हणतील कोणास ठाऊक. गाईड कदाचित विचारतीलच, "यात पीएचडी काय?"

मामेभावाने उत्तर तयार ठेवलंय : "सर, तुम्हाला एका वाचनात कळलं ना? आता चुकलं असेल तर दाखवा."

माझ्या मते साधं लिहायला धाडस लागतं ते यासाठीच. स्पष्ट लिहिलेलं खोडता येतं. धुक्यात लिहिलेलं कोणालाच खोडता येत नाही, आणि म्हणूनच ते कोणाच्या कामालाही येत नाही. बघा पटतंय का!