आधी हात, मग भरवसा

गेल्या वर्षी या वार्षिकासाठी मी एक कविता लिहिली होती. तिच्यात समुद्र होता, लाटांची गाज होती, वाळूवरची पावले होती. मैत्रिणीने वाचून सहज विचारले, "हे तू कुठे पाहिलेस?" मला उत्तर देता आले नाही. मी अजून समुद्र पाहिलेलाच नाही! ती कविता मी दिली नाही.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. आजोबा यंत्रमागावर होते. अम्मा विड्या वळते. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. त्यामुळे लिहायला बसले की मनात धाक असे, आपले मराठी शुद्ध आहे ना? मग ज्यांचे छापून आले आहे त्यांच्यासारखे लिहिणे सोपे वाटे. मित्रहो, तुमच्यापैकी कितीजणांचे असेच होत असेल!

पण आपल्याच मातीत काय घडले ते पाहा. पेशवाईच्या उत्तरकाळातला सोलापूरचा शाहीर रामजोशी संस्कृत शिकलेला होता. तो तमाशाच्या फडात गेला, पण विद्या दाराबाहेर ठेवून गेला नाही. त्याने लावणीत संस्कृत आणि मराठी एकत्र नांदवले. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. तेव्हा ते तिशीच्या आत होते. जे लोक लपवतात, ती आपल्या जन्माची आणि भुकेची गोष्ट त्यांनी उघडपणे लिहिली. पुढे त्यांच्या 'सनातन' या कादंबरीला २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला. दोघांनीही जवळ होते तेच साहित्य वापरले.

मग मनात येईल ते सारे चांगलेच, असे समजायचे का? मुळीच नाही. अम्मा मांडीवर सूप घेऊन आमच्याशी बोलत असते. तिची नजर आमच्याकडे आणि बोटे पानावर. मी एकदा विचारले, "न बघता कसे जमते?" ती म्हणाली, "पहिल्या वर्षी निम्म्या विड्या परत यायच्या." परत आलेली विडी हातात घेऊन ती कुठे सैल राहिली ते पाहायची आणि दुसरे पान उचलायची. शेजारणीचे हात उसने आणावेत, असे तिला कधी वाटले नाही.

माझ्या मते स्वतःवरचा विश्वास म्हणजे एवढेच. तो आधी येत नाही. काम करता करता हातात येतो. चूक सुधारावी, पण हात आपलाच ठेवावा. पहिला खर्डा फसला म्हणून कागद फाडणे आणि दुसऱ्याचा सूर उचलणे, या दोन्ही गोष्टींत आपण आपलेच नुकसान करतो.

यंदा मी अम्माच्या सुपावर कविता लिहिली आहे. तिच्यात दोन तेलुगू शब्द आहेत. ते मी काढले नाहीत. कविता बरी की वाईट, हे गुरुजनांनी आणि तुम्ही ठरवावे. पण "हे तू कुठे पाहिलेस?" असे कोणी विचारले, तर या वेळी मला उत्तर देता येईल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला