पाकीट घेणारा चोर, मग कायदा विकत घेणारा कोण?

मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत पाकिटे वाटली जातात, हे आता कोणापासूनही लपलेले नाही. कुठे पाचशे, कुठे हजार, चुरस असेल तर त्याहून जास्त. निकाल लागला की सुशिक्षित पांढरपेशा वर्गाची टीका सुरू होते : "झोपडपट्टीवाल्यांनी मते विकली, म्हणून देशाची ही अवस्था." असे बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी मुलाच्या प्रवेशासाठी संस्थाचालकाला डोनेशन दिलेले असते, फ्लॅट घेताना अर्धी रक्कम काळ्यात मोजलेली असते. त्यांनी केला तो 'व्यवहार' आणि आमच्या माणसाने केला तो 'भ्रष्टाचार'! हा भेद कुठून आला, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही पाकिटाचे समर्थन करत नाही. हजार रुपये पाच वर्षांवर पसरले तर दिवसाला जेमतेम ५५ पैसे पडतात. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या मताची ही किंमत! आम्ही हे गणित वस्तीतल्या एका मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, "बाळा, पाच वर्षांत नळ आला नाही का गटार झालं नाही. हजार तरी हातात पडले. तेही सोडू का?" आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते. म्हणूनच प्रश्न उलटा विचारला पाहिजे. पाकीट घेणाऱ्या मावशी आपल्याला दिसतात, पण पाकिटातला पैसा येतो कुठून?

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. पक्षाच्या प्रचारखर्चाला मात्र मर्यादाच नाही. आणि उमेदवाराची मर्यादाही कागदावरच राहते, हे प्रचारात राबलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. हा खर्च नव्हे, ही गुंतवणूक आहे. ती रस्त्याच्या टेंडरमधून, बदल्यांमधून, भूखंडाचे आरक्षण उठवण्यातून व्याजासह वसूल होते. वसूल झालेल्या पैशातून पुढची निवडणूक लढवली जाते. या चक्रात वीस वर्षे चळवळीत घालवलेल्या प्रामाणिक कार्यकर्त्याला तिकीट मिळत नाही, कारण तिकीट वाटताना पहिला प्रश्न असतो, "किती खर्च करू शकता?"

२०११ साली भ्रष्टाचाराविरोधात दिल्लीत मोठे आंदोलन झाले. लोकपाल आला की देश स्वच्छ होईल, असे सांगितले गेले. पण त्या भाषणांतला भ्रष्टाचारी कोण होता? लाच घेणारा सरकारी बाबू आणि पुढारी. लाच देणारा उद्योगपती, बिल्डर, ठेकेदार त्या चित्रात फारसा नव्हताच. आणि जात तर नव्हतीच. शतकानुशतके जमीन, शिक्षण आणि मंदिराचे उत्पन्न मूठभरांच्या हाती राहिले. दुसऱ्याच्या वाट्याचे धर्माच्या नावाने घेणे, हा या देशातला सर्वात जुना भ्रष्टाचार आहे. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याला नाडणारी भटशाही आणि नोकरशाही एकाच लेखणीने उघडी पाडली, ती उगाच नाही.

लाच हा भ्रष्टाचाराचा सर्वात छोटा प्रकार आहे. सर्वात मोठा प्रकार कायद्याच्या चौकटीत बसवून केला जातो. पूर्वी कंपनीला राजकीय पक्षाला देणगी देताना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के अशी मर्यादा होती. २०१७ च्या वित्त कायद्याने ती काढून टाकली. २०१८ पासून निवडणूक रोखे सुरू झाले. कोणी कोणाला किती दिले, हे मतदाराला कळण्याची सोयच ठेवली नाही. सुमारे १६ हजार कोटी रुपये या मार्गाने पक्षांकडे गेले. सर्वात मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचा, पण राज्याराज्यांतले इतर पक्षही मागे नव्हते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर त्या पैशावर निवडणुका लढवून झाल्या होत्या. या व्यवहारांची विशेष चौकशी करण्याची मागणीही ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली गेली. सहा वर्षे हे सारे कायदेशीर होते! मावशींचे हजार रुपये मात्र पहिल्या दिवसापासून गुन्हा.

आता आपल्या घरचे पाहू. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्यासाठी राखायचा असतो. २०२५ साली सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. यात कोणी पाकीट घेतले नाही. एक शासन निर्णय निघाला, बस्स. मंत्र्याला बोलता येते पण थांबवता येत नाही, याचा अर्थ खुर्ची मिळाली तरी तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हातात राहते.

आणि आपली माणसे सत्तेत गेली की सगळे आपोआप सुधारते, हाही भ्रम नको. मातंग समाजासाठी १९८५ साली स्थापन झालेल्या अण्णाभाऊ साठे विकास महामंडळात कोट्यवधींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला आणि २०१५ साली त्याच्या अध्यक्षपदी राहिलेल्या आमदाराला अटक झाली. तो आमदार राखीव मतदारसंघातूनच निवडून आला होता. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण ज्यांच्या कर्जाच्या फायली तिथे अडकल्या, त्यांची ती वर्षे कोण परत देणार?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येक मताला समान मूल्य असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि हा विसंगतीचा काळ लांबला तर लोकशाही धोक्यात येईल. आपण हा इशारा दरवर्षी वाचतो. आज त्याचा अर्थ असा घ्यावा लागेल : समतेने विषमता संपवली नाही, तर विषमता समतेला विकत घेते. पाकीट म्हणजे त्याच खरेदीची पावती.

मग आपण काय करतो? आम्ही आमच्याच मंडळाची गोष्ट सांगतो. एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीसाठी आम्ही एका ठेकेदाराकडून ५१ हजार रुपये घेतले. बॅनरवर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोखाली छापला. तीन महिन्यांनी त्याच्याकडे काम करणारे सफाई कामगार आमच्याकडे आले. चार महिन्यांचा पगार थकला होता, भविष्य निर्वाह निधी भरलेला नव्हता. ते आमच्याच वस्तीतले, आमच्याच जयंतीत नाचलेले. आम्ही म्हणालो, "बघतो, बोलतो." निवेदन काढले नाही, मोर्चा काढला नाही. ५१ हजारांत आमची तोंडे बंद झाली होती. दर रविवारी विहारात आम्ही न दिलेले न घेण्याचे शील घेतो. कामगारांच्या बुडवलेल्या पगारातून आलेली देणगी त्या शिलात बसते का, हे आम्ही स्वतःला त्या दिवशी विचारले. मावशींना ५५ पैशांचे गणित सांगणारे आम्ही तिच्याहून जास्त दराने विकलो गेलो होतो, इतकेच.

त्यानंतर आम्ही ठेकेदार, बिल्डर आणि इच्छुक उमेदवार यांची वर्गणी बंद केली. डीजे गेला, मिरवणूक छोटी झाली, काही पोरे नाराज होऊन दुसऱ्या मंडळात गेली. पण जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लागतो आणि सफाई कामगारांचे निवेदन आता आम्हीच लिहितो.

एवढ्याने व्यवस्था बदलत नाही, हे आम्हाला कळते. त्यासाठी आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली केला तसा उपयोजनेच्या निधीला संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्रात झाला पाहिजे. पक्षांच्या खर्चाला मर्यादा आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव उघड, ही मागणी आपल्या प्रत्येक मोर्चात असली पाहिजे. पण ही मागणी करणाऱ्याच्या खिशात ठेकेदाराची पावती असेल, तर ती ऐकणार कोण? १९५६ साली नागपूरला लाखो माणसे पदरची भाकरी बांधून, स्वतःच्या खर्चाने आली होती. त्यांच्यासाठी कोणी गाड्या पाठवल्या नव्हत्या. म्हणूनच त्यांना कोणी विकत घेऊ शकले नाही.

येत्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीची यादी समोर येईल. त्यातले प्रत्येक नाव मोठ्याने वाचा आणि विचारा : उद्या याच्याविरुद्ध उभे राहायची वेळ आली, तर आपण राहू का?

जय भीम! जय संविधान!