दुब्रोव्निकच्या वेशीवरचा कॅमेरा: माणसं मोजून झाली, पुढे काय?

क्रोएशियातलं दुब्रोव्निक तुम्ही पाहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. प्रत्यक्ष नाही, स्क्रीनवर. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या किंग्ज लँडिंगचं बरंचसं शूटिंग इथे झालं. एड्रियाटिक समुद्राला लागून असलेलं हे जुनं गाव. भोवती सुमारे 1,940 मीटर लांबीची दगडी तटबंदी, आत लाल कौलांची घरं, आणि मधोमध स्त्रादुन नावाचा जेमतेम 300 मीटरचा मुख्य रस्ता. 1979 पासून हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मागच्या सप्टेंबरमध्ये मी तिथे चार दिवस होतो. पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला पिले दरवाजातून आत शिरलो आणि आपोआप पुढे ढकलला गेलो. दादर स्टेशनचा पूल आठवा, फक्त सगळ्यांच्या हातात सेल्फी स्टिक. तेव्हा मला माहीत नव्हतं की दारातून आत जाताना मी एका काउंटरमध्ये '+1' झालो होतो.

आज आपण हा काउंटर कसा चालतो ते समजून घेऊ. आणि त्याला काय दिसत नाही, तेही.

मोजायची वेळ का आली?

गर्दीचं मोठं कारण म्हणजे क्रूझ जहाजं. एक मोठं जहाज ग्रूझ बंदराला लागलं की काही हजार माणसं उतरतात, बसने जुन्या गावात येतात, तीन-चार तास फिरतात आणि परत जातात. अशी तीन-चार जहाजं एकाच सकाळी आली तर काय होईल याचा अंदाज करा. 2016 मध्ये युनेस्कोने सुचवलं की तटबंदीच्या आत एका वेळी 8 हजारांहून जास्त माणसं नसावीत.

आता एखादा आकडा पाळायचा तर आधी तो मोजता आला पाहिजे. म्हणून गावाच्या दारांवर माणसं मोजणारे कॅमेरे आले. 'दुब्रोव्निक व्हिजिटर्स' या सेवेवर आत्ता आत किती लोक आहेत आणि पुढच्या दिवसांत गर्दी किती असेल याचा अंदाज कोणालाही बघता येतो.

कॅमेरा माणूस मोजतो कसा?

लोकांना वाटतं चेहरा ओळखतात. मोजण्यासाठी त्याची गरजच नसते. अशा सिस्टीममध्ये व्हिडिओच्या चित्रावर एक काल्पनिक रेघ आखलेली असते. मॉडेल प्रत्येक फ्रेममध्ये माणसाचा आकार शोधतं, त्याला तात्पुरता नंबर देतं आणि तो कुठे सरकतोय ते बघतं. रेघ आतल्या बाजूला ओलांडली की +1, बाहेरच्या बाजूला ओलांडली की -1. आलेल्यांतून गेलेले वजा केले की आत उरलेले.

ऐकायला सोपं आहे. मी एका प्रोजेक्टमध्ये दुकानाच्या दारासाठी असाच कोड लिहिला होता, आणि संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर आमचा काउंटर आत 23 माणसं दाखवायचा! कारण दोघं चिकटून चालले की एकच मोजला जातो, आणि कडेवरचं मूल दिसतच नाही. चूक दोन टक्क्यांचीच असली तरी दहा हजार लोकांमागे ती 200 होते आणि दिवसभर साठत जाते. यावर साधा उपाय असतो: गर्दी नसताना, म्हणजे पहाटे, काउंटर परत सुरुवातीच्या आकड्यावर आणायचा.

दुकानात तो सुरुवातीचा आकडा शून्य असतो. पण हे तर गाव आहे. पहाटे चार वाजता गावात शून्य माणसं नसतात, तिथे लोक झोपलेले असतात. मग प्रश्न येतो: ते कोण आहेत? तिथले रहिवासी की माझ्यासारखे पाहुणे? भाजी घेऊन घरी निघालेल्या आजी आणि बॅग ओढत आलेला मी, रेघेसाठी दोघंही +1.

दिवसाच्या गर्दीवर उपाय निघाला

2017 मध्ये दुब्रोव्निकच्या महापालिकेने 'रिस्पेक्ट द सिटी' नावाची योजना सुरू केली. क्रूझ कंपन्यांशी बोलून 2019 पासून एका वेळी दोनच जहाजं आणि साधारण 4 हजार प्रवासी अशी मर्यादा घातली. जहाजांच्या वेळा एकमेकांत अडकणार नाहीत अशा लावल्या.

यातली मेख लक्षात घ्या. गर्दी कॅमेऱ्याने कमी केली नाही. कॅमेऱ्याने आकडा दिला, निर्णय महापालिकेने घेतला. याच्या उलट व्हेनिस बघा. तिथे 2024 मध्ये 29 दिवसांसाठी, दिवसापुरतं येणाऱ्यांकडून 5 युरो घेऊन क्यूआर कोड द्यायला सुरुवात झाली. 2025 मध्ये दिवस 54 केले आणि उशिरा बुकिंग करणाऱ्यांना 10 युरो लावले. पण किती जणांना कोड द्यायचा यावर मर्यादाच नाही. पैसे भरा, आत या. म्हणजे ॲप आहे, पेमेंट आहे, स्कॅनर आहे, फक्त 'आता बस' म्हणणारी ओळ कोडमध्ये नाही.

रात्रीचं काय?

आता माझी गोष्ट. मी तटबंदीच्या आत, पायऱ्यांच्या एका बोळात खोली घेतली होती. मालक भेटलाच नाही. दाराशेजारी कोडवाली छोटी पेटी, त्यात किल्ली. दुसऱ्या रात्री जेवून येताना सहज बघितलं तर आमच्या बोळात अशा पेट्या नऊ होत्या आणि वाळत घातलेले कपडे एकाच खिडकीत. अकरा वाजता दगडी पायऱ्यांवरून कोणाच्या तरी बॅगेची चाकं खडखडत गेली. त्या एका खिडकीतला दिवा लागला, थोड्या वेळाने विझला. मला जरा लाजच वाटली. आदल्या रात्री तो आवाज माझ्या बॅगेचा होता.

1991 मध्ये तटबंदीच्या आत सुमारे 5 हजार लोक राहत होते. आता सुमारे दीड हजार उरलेत. याला युद्धही कारण आहे. 1991-92 मध्ये या गावाला वेढा पडला होता, तोफगोळे पडले होते. पण नंतर घरं दुरुस्त झाली, माणसं मात्र परतली नाहीत. हिशोब सरळ आहे: महिन्याच्या भाड्यापेक्षा उन्हाळ्यातल्या रात्री विकून जास्त पैसे मिळतात. मग किराणा दुकानाच्या जागी आइस्क्रीम येतं आणि उरलेल्यांनाही राहणं अवघड होतं.

हे दारावरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. कोणतं घर किती रात्री भाड्याने गेलं हा डेटा बुकिंग प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर असतो, आणि बऱ्याच शहरांना तो नीट मिळतच नव्हता.

युरोपचा नवा नियम

इथे येतो युरोपियन युनियनचा नियम 2024/1028. मंजूर झाला 2024 मध्ये, लागू होण्याची तारीख 20 मे 2026. सोप्या भाषेत:

- जिथे नोंदणीची पद्धत आहे तिथे प्रत्येक भाड्याच्या घराला एक नोंदणी क्रमांक, आणि तो जाहिरातीत दिसला पाहिजे.
- क्रमांक खरा आहे का, याची प्लॅटफॉर्मने अधूनमधून तपासणी करायची.
- किती रात्री, किती पाहुणे, कोणता पत्ता, हा डेटा प्लॅटफॉर्मने सरकारी यंत्रणेला नियमित पाठवायचा.

थोडक्यात, पहाटे चारचा तो हरवलेला आकडा आता शहरांच्या हातात येऊ शकतो. पण किती घरं भाड्याने द्यावीत, हे हा नियम सांगत नाही. ते ठरवायचं स्थानिक लोकांनी. बार्सिलोनाने 2024 मध्ये ठरवलं: पर्यटकांसाठीच्या 10,101 फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर पुढे चालू ठेवायचे नाहीत. पटो न पटो, हा निर्णय आहे. डॅशबोर्ड हा निर्णय नसतो.

माझं मत असं: आम्ही इंजिनिअर लोक मोजण्यालाच उपाय समजतो. ग्राफ आला की काम झाल्यासारखं वाटतं. दुब्रोव्निकने दिवसाची गर्दी मोजली आणि कोणाला तरी 'नाही' म्हटलं, म्हणून फरक पडला. रात्रीच्या बाबतीत 'नाही' म्हणणं जास्त कठीण आहे. समोर परदेशी क्रूझ कंपनी नाही, आपलाच शेजारी आहे आणि त्याचं घर त्यावर चालतं.

तुम्ही काय करू शकता?

भूमध्य समुद्राकाठच्या अशा गावात जायचा प्लॅन असेल तर खोली बुक करताना जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का बघा. गोव्यातही पर्यटकांना खोली देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते, तेव्हा ही सवय तिथेही लावून घ्या. गर्दीचा अंदाज ऑनलाइन मिळत असेल तर तो बघून दिवस ठरवा, आणि सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी फिरा. माझ्या चार दिवसांतला सगळ्यात छान तास सकाळी सातचा होता. गुंदुलिच चौकात भाजीवाल्या टोपल्या मांडत होत्या आणि गिऱ्हाईक तिथलंच होतं.

आणि रात्री उशिरा पोहोचलात तर बॅग उचलून न्या. पायऱ्या जास्त आहेत, हात दुखतील. पण त्या एका खिडकीत कोणीतरी अजून राहतंय.